तिसऱ्या रॉडखाली

पोस्टात तेवीस वर्षं पाकिटं तोलली,
पण नऊशे सत्तर किलो एकदम कधी नाही.
कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर चढवताना
चाकं फिरेनात.
हमाल म्हणाला, ताई, हिला जाग नाही.

वरचा रंग पांढरा, कुणा बँडवाल्याचा.
त्याखाली वीटभट्टीचा निळा.
नखाने आणखी खरवडलं तेव्हा
शेवाळी, लष्करी,
ऊन पडलं तर परत न देणारा.

वागळे इस्टेट, रस्ता नंबर सोळा.
अहरोन रोहेकरांचं मशीन शॉप शनिवारी बंद.
"आमचे आजे-पणजे घाण्याचे बैल शनिवारी सोडायचे,
लोक म्हणायचे शनवार तेली.
बैल गेले. मी अजून तेलातच."

चारही पिस्टन धरलेले.
डिझेल ओतून नऊ दिवस नुसतं बसायचं.
दहाव्या दिवशी लाकडाचा ठोकळा, वर हातोडी,
जोर नाही, फक्त आवाज ऐकायचा.
पहिला हलला तो
केसाएवढा.
अहरोनकाकांनी चहा सांगितला.

तिसऱ्या रॉडची टोपी उघडली
आणि आत बेअरिंग नव्हतं.
कातडं होतं.
काळं, दबून काचेसारखं झालेलं,
कडेला शिवणीची रेघ.
कंबरेचा पट्टा, कापून गोल बसवलेला,
आणि बक्कल अडकवायचं भोक
नेमकं तेलाच्या वाटेवर.

आम्ही दोघं बराच वेळ बोललो नाही.
कुठला रस्ता, कुठली रात्र,
अजून किती मैल जायचं होतं,
मागे कोण निजलं होतं की विव्हळत होतं,
काही लिहिलेलं नाही.
पुस्तकात ही दुरुस्ती नाही.
एवढंच कळतं की चाकूला धार होती
आणि एका माणसाने उरलेला प्रवास
पँट सुतळीने बांधून केला.
"भोक बघितलंस?" काका म्हणाले,
"घाईत होता, पण तेल नाही विसरला."

मग बोअरिंग, चाळीस थाऊ.
क्रँक घासून आला, आरशासारखा,
त्यात माझं नाक भलतंच रुंद.
नवी शेल, नव्या रिंगा,
व्हॉल्व्हखाली सोळा थाऊची पात
अडखळत जायला हवी,
लोण्यातून सुरी जाते तशी नाही.
हेडचे बोल्ट मधून कडेकडे,
भाकरी थापतात तसे, तीन फेऱ्यांत.

वायरी मी लावल्या: एक, दोन, तीन, चार.
शाळेत शिकवलं तसं.
चरईच्या आमच्या पार्किंगमध्ये असा बार उडाला
की वॉचमन दुबेजी पाण्याच्या टाकीमागे.
हिचं गणित वेगळं.
एक, तीन, दोन, चार.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला,
नाहीतर मनगट जातं.
सातव्या झटक्याला ती
खोकली, थुंकली, थरथरली,
आणि मग एका लयीत, हळू,
जुन्या शिलाई मशीनसारखी.
येऊरच्या चढावर दुसऱ्या गिअरला
तिसरा रॉड काही बोलला नाही.
मी त्याचंच ऐकत होते.

आता दर रविवारी.
खाली पत्र्याचा ट्रे, कारण सेक्रेटरींना फरशीवर डाग नको.
गळणं थांबलं की समजायचं, तेल संपलं.
ग्रीसचे निपल पुसायचे आधी, मग गन.
प्लग उघडून रंग बघायचा: विटकरी बरा, काळा वाईट.
पाणी. पंख्याचा पट्टा. सहा व्होल्टची कुरकुर.
एवढं सगळं करूनही
पुढच्या रविवारी काहीतरी सैल असतंच.

ते कातडं हत्यारांच्या पेटीत आहे,
तेलकट फडक्यात.
बसवायचं नाही, फेकायचंही नाही.

परवा हेड पुन्हा आवळायला काका आले.
वाकले तेव्हा दिसलं,
त्यांच्या पट्ट्याला आतल्या बाजूने
नवं भोक पाडलंय, दाभणाने.
दोन बोटं आत.

मी विचारलं नाही.
त्यांनी पाना माझ्याकडे दिला.
मधल्या बोल्टपासून सुरुवात केली.