खळ

दर सोमवारी होडीतून टोपली यायची.
इनशारच्या तळ्याचं पाणी जड,
साबण रुसतो त्यात.
मी राखेच्या पाण्यात भिजवायचे सगळं:
चौदा सदरे, सहा अभ्रे,
एक काळा झगा, गुडघ्यांवर विरलेला.

लोक तिला रोमची कुत्री म्हणत.
मी काही म्हणत नसे.
कपडे धुणाऱ्या बाईला माणसाचं सगळं कळतं,
धर्म तेवढा कळत नाही.
तोही कळला असता म्हणा, त्या गुडघ्यांवरून.
माझ्या आईचा झगाही तिथंच विरायचा,
नव्या मताच्या लोकांनी चर्चच्या भिंतींना चुना फासला,
मेरीचं डोकं भट्टीत घातलं,
त्यानंतरसुद्धा.
आई मग वाटाणे सोलायची.
दहा दाणे, मग एक टपोरा बाजूला. पुन्हा दहा.
ओठ हलायचे.
विचारलं तर म्हणायची, मोजतेय.

राणी इझाबो आली ती एकोणिसाव्या वर्षी,
दक्षिणेच्या जहाजातून,
ओल्या फडक्यात जर्दाळूची रोपं गुंडाळून.
आमच्या वाऱ्यात जर्दाळू! सरदार हसले.
तिनं प्रार्थनेपुरती एक खोली मागितली,
त्यावर तीन हिवाळे भांडण चाललं.
चौथ्यात नवराच उठून
समोरच्या बाकावर जाऊन बसला.
दहा महिन्यांचं पोर अंगावरून उचललं,
नव्या प्रार्थनांवर वाढवायला.
मुकुट गेला तो एका सहीत.
मग तळं. मग सहा वर्षं.
मग मी.

चिठ्ठी झग्याच्या दुमडीत होती.
बोटांना लागली, वाळलेल्या पानासारखी.
मला वाचता येत नाही.
उपदेशक टॅलोककडे नेली. खरं सांगते,
देवाचं काही असेल तर भिजू नये म्हणून.
त्यांनी वाचली. दोनदा.
मला चांदीचं नाणं दिलं,
आणि मी ते घेतलं.

दरबारात वरच्या तीन ओळी वाचल्या:
भाऊ, जहाजं, वसंताच्या आत.
खालची ओळ मला कारकून विलकीननं सांगितली,
फार नंतर, दारू चढल्यावर.
पोराचे दुधाचे दात पडायला लागले का,
कुणी मला कळवेल का.

शेवटच्या सोमवारी टोपलीत एकच गळपट्टी.
सोबत निरोप: खळ नको घालूस, ग्रिझेल.
तिला माझं नाव ठाऊक होतं.
मी मऊ ठेवली.
इस्त्रीसुद्धा हलक्या हातानं फिरवली,
झोपलेल्या लेकरावरून फिरवावी तशी.
आयत्या वेळी त्यांनी ती काढूनच घेतली म्हणे.

रक्त लागलेलं सगळं जाळलं,
कुणी चिंधी पुजू नये म्हणून.
लाकूड घासायला मला बोलावलं.
कढत पाण्याची बादली पुढ्यात ठेवली होती.
कढत पाण्यानं रक्त मुरतं,
एवढंही त्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं.
मी तळ्याचं गार पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं.
बसले घासत. अंधार पडला.

जर्दाळूची झाडं आहेत अजून, भिंतीला चिकटून.
फुलतात, आणि गारठ्यानं फुलं झडतात.
नाणंही आहे. मोडवत नाही, टाकवत नाही.

संध्याकाळी वाटाणे सोलताना
बोटं आपसूक दहावर थांबतात,
एक टपोरा दाणा बाजूला काढतात.
तिथं काय म्हणायचं असतं
ते आईनं कधी सांगितलं नाही.