नमुना क्रमांक सत्तावीस

पहाटे साडेपाचला गुलटेकडीच्या यार्डात
इंदुबाई शितोळे पाटी उघडते
आणि मी वही.
"पंधरा नग. एकाच झाडाचे असतील तर बरं."
"झाडाला विचारून येते," म्हणते ती,
आणि अंगठ्याने दाबत वेगळे काढते :
हा आजचा. हा परवाचा.
हा पाहुणे यायचे असतील तर.

दहा वाजता पाषाणला, प्रयोगशाळेत
तेच पंधरा पेरू यंत्राखाली.
पोलादी दांडी उतरते, साल फुटते,
पडद्यावर आकडा उमटतो, न्यूटनमध्ये.
चौदा वेळा अंगठा बरोबर.
पंधराव्यासाठी
यंत्र तपासायला दिलं.

मी शिकतेय ते थोडक्यात असं :
पेरू पिकतो तेव्हा भिंत कोसळत नाही,
आतून शिवण उसवत जाते.
पेशीभोवती साखरेचीच भिंत असते,
पण जिभेला न कळणाऱ्या साखरेची.
ग्लुकोजच्या कड्या
एक उताणी, एक पालथी, अशा जोडत नेल्या
की सरळ ताठ दोर होतो, सेल्युलोज.
शेजारच्या दोराचे हात घट्ट धरून उभा राहतो,
मधे पाण्यालाही शिरू देत नाही.
त्याच कड्या न उलटता गुंफल्या
तर दोर वळतो, मळसूत्र होतो, पिठूळ होतो,
त्याची भाकरी थापता येते.
सांध्याचं एक टोक वर की खाली,
एवढ्यावरून ठरतं
ताटात वाढायचं की अंगावर नेसायचं.
(गाईला दोन्ही चालतं.
तिच्या पोटात भाडेकरू आहेत.)

दोरांना गुंतवणारे हेमिसेल्युलोजचे फाटेफुटे धागे,
आणि उरल्या जागेत पेक्टिन, ओलं, बुळबुळीत.
त्याच्या दोन साखळ्या समोरासमोर आल्या
की मधे कॅल्शियम बसतो,
काजात बटण बसावं तसा.
विकरं आधी साखळ्यांच्या मिथिल टोप्या उतरवतात.
खरं तर त्याने आणखी बटणं लागायची,
पण मागून कात्री आलेली असते.

इंदुबाईला हे सगळं एकदा सांगितलं.
तंबाखू मळत ऐकत होती.
"म्हणजे चुना," ती म्हणाली
आणि तळहातावरचा पांढरा ठिपका पुढे केला.
"कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवल्या
की पाकात मोडत नाहीत.
सासूनं शिकवलं. तिला कुणी, ते काय माहीत."
माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण
तिने चिमटीत घेतलं,
दाढेखाली ठेवलं.

मग उलटा प्रवास. भिंत सुटी करायची.
अल्कोहोलमध्ये उकळून गोडी काढली.
वास तेव्हाच गेला,
तरी नाकाला आठवडाभर येत राहिला.
कॅल्शियम ओढणारं द्रावण घातलं, बटणं निघाली,
पेक्टिन गढूळ होऊन वाहून आलं.
मग सोडा.
मग पोटॅशचा कडक क्षार, रात्रभर ढवळत,
आणि पहाटे हेमिसेल्युलोजनेही हात सोडले.
राहता राहिली दाताखाली कचकचणारी दगडी पेशींची वाळू,
ती मी खडे निवडावेत तशी वेगळी केली.

नळीच्या तळाशी चिमूटभर पांढरं.
अख्ख्या पेरूत एवढंच,
ज्याने कशाचंच ऐकलं नाही.

शनिवारी ती नळी यार्डात नेली.
इंदुबाईने बल्बच्या उजेडात धरली, हलवली.
"कापूस."
हो.
"पेरूत?"
हो.
तिने पाटीतला एक पेरू दाबला,
मग पदराचं टोक, त्याच अंगठ्याखाली,
बराच वेळ,
जणू हाही परवाचा की आजचा ते ठरवत होती.
मागून हमाल ओरडला, वाट सोडा,
ती सरकली, गिऱ्हाईक आलं, भाव झाला,
नळी तिच्या कनवटीला गेली.

मी मागितली नाही.
वहीत सत्तावीसपुढे लिहिलं :
गहाळ.