मंगळवारची तालीम

भाडेकरूचं वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
अशी सात वर्षं काढली आम्ही कोपरखैरण्यात,
सेक्टर एकोणीस, रो-हाऊसचा वरचा मजला.
खाली मालकांचा कुकर वाजतो
आणि कधीकधी त्यांच्या शिट्ट्या मोजून
प्रणिता आमचा गॅस बंद करते.
त्या दिवशी वरणात डाळ कचकच लागते.

रविवारी तळोज्याला सॅम्पल फ्लॅट पाहिला.
पलंगावर सहज आडवा झालो
तर पाय घोट्यापासून बाहेर.
‘डिस्प्लेचा आहे सर,’ केणी मॅडम म्हणाल्या,
‘लहान ठेवला की खोली मोठी दिसते.’
खरं बोलल्या, म्हणून आवडल्या मला.
प्रणितानं विचारलं, तुम्ही राहता कुठे?
‘पेणला. पहाटेची एसटी,’
आणि लगेच पाण्याच्या टाकीबद्दल सांगू लागल्या.

तोवर शाल्मलीनं आतल्या खोलीच्या भिंतीला
हत्तीचं स्टिकर लावून टाकलेलं.
मी नखानं सोललं. सोंड राहिली.

परतताना चाळीस मिनिटं लागली, मी खूश.
‘रविवारचा रस्ता खोटं बोलतो,’
प्रणिता मागून म्हणाली,
‘एक मंगळवार करून बघ.’

म्हणून मंगळवारी साडेपाचला उठून
आधी उलटा गेलो तळोज्याला,
न बांधलेल्या घरापर्यंत,
आणि तिथून निघालो ऐरोलीला ऑफिसात,
जणू आत्ताच चहा पिऊन जिना उतरलोय.

शिळफाट्याला एका ट्रेलरमागे अकरा मिनिटं.
पाठीवरचं सगळं पाठ झालं त्याच्या.
मालकाला तीन मुलं आहेत,
धाकटीचं नाव नव्या रंगात, मागाहून घातलेलं.
महापेच्या चढावर स्कूटर खोकली, मीही.
एक तास अठरा.
हजेरीच्या मशीननं माझं बोट ओळखलं नाही,
पँटला पुसून परत ठेवावं लागलं.

जेवताना टिश्यूवर मांडलं:
रोजचे दोन तास जादा,
महिन्याचे पन्नास, वर्षाचे सहाशे,
म्हणजे पंचवीस दिवस, रात्रींसकट.
कर्ज वीस वर्षांचं.
पाचशे दिवस मी हेल्मेटमध्ये असणार.
समोरून नरोटे म्हणाला, भाडंही मांड की.
मांडायला घेतलं, टिश्यू फाटला.

संध्याकाळी पावणेनऊला पोचलो
त्या सांगाड्याखाली.
खरं तर तालीम इथं संपत नाही,
इथून वर जाऊन बूट काढायचे असतात,
कुणीतरी विचारायचं असतं, आधी जेवतोस का आंघोळ?
मी स्टँड लावून नुसता उभा.

फोन केला. शाल्मली जागी होती, जेमतेम.
‘बाबा, तू कुठल्या घरी आहेस?’
येतोच, म्हणालो.
तिच्या मागे कुकर वाजला.
आमचा की त्यांचा, कळलं नाही.

मग तोंडावर टॉर्च.
‘कोणाकडे?’
‘सातशे चार,’ मी म्हणालो,
अजिबात न अडखळता,
जसं आधार कार्डावर छापलेलं असावं.

वॉचमननं मान वर केली, मीही.
पाचव्या मजल्याच्या सळया उघड्या उभ्या होत्या.
त्यांच्यावर काहीच नव्हतं,
एक विमान सोडलं तर, आणि तेही निघून गेलं.

तो हसेल असं वाटलं.
त्यानं टॉर्च विझवला.
‘बसा मग,’ म्हणाला,
आणि आपली एकुलती खुर्ची माझ्याकडे सरकवून
स्वतः विटांच्या थप्पीवर बसला.