जे पाणी अजून आलेलं नाही

नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी टिटवी अजून झापांखालीच.
बावीस फुटी, फायबरची, गोव्याहून तिसऱ्या हाताने आलेली.
पोटाला कालवं चिकटलेली. मी खरवडते,
आणि बुधाजी सारंग बोटाच्या पेराने तिला वाजवत फिरतो
कलिंगड घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
टक. टक. टक. थप्प.
"हंय पानी शिरलाहा." खडूची फुली.
आत्तापर्यंत सात.

तीस वर्षं मी राजापुरात औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या.
त्या सवयीचा इथे थोडा उपयोग होतो.
डोलकाठीच्या तणाव्यावरून कापसाचा बोळा फिरवायचा,
जिथे अडकेल तिथे तारेचा एक केस तुटलेला.
डोळ्यांना दिसत नाही. कापसाला कळतं.
शिडाचं कापड टिकतं, आधी मरते ती शिवण;
नखाने ओढून पाहिली तर उसवत गेली हातभर.
पंख्याजवळचा झिंकचा तुकडा झिजण्यासाठीच लावलेला असतो,
अर्धा उरला की बदलायचा,
त्याच्यावर जीव लावायचा नाही.
आणि तळाच्या तिन्ही झडपांशेजारी
सावरीच्या लाकडाचं एकेक बूच, सुतळीने बांधून.
बुधाजी म्हणतो, पाणी आत आल्यावर बूच शोधणारा माणूस
पाण्यातच शोधतो.

हे सगळं मी वहीत लिहिते.
एक गोष्ट मात्र वहीत नाही.

गेल्या माघातली पौर्णिमा. संध्याकाळी साडेपाच, पूर्ण ओहोटी.
विजयदुर्गच्या बंदरात, किल्ल्याच्या आतल्या अंगाला, नांगर टाकला.
शिसं सोडून पाहिलं : दोन वाव पाणी.
दुकानदाराचा हिशोब, पाचपट दोर. दहा वाव. बास.
उरलेला दोर नवा होता, पांढरा,
चिखलात कशाला घालायचा म्हणून वेटोळं करून ठेवला.
पिठलं-भात खाल्ला. झोपले.

तिथीची पाऊणपट करायला बुधाजीनेच शिकवलं होतं :
पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा भरती.
शिकले होते. केलीही होती, बोटांवर.
पण ती वेळ होती माझ्या लेखी,
उंची नव्हती.

बाराच्या सुमाराला बोटीचा आवाज बदलला.
नाळेशी लाटांची चुळबुळ असते ना, ती थांबली
आणि दोरातून तळव्यांना काहीतरी खरखरत गेलं,
पाटा कुणी फरशीवरून ओढावा तसं.
मतलई सुटली होती. उधाण भरून पाणी साडेतीन वाव,
दोर तोच दहा. नांगर उभा राहून चालत होता.
मागे किल्ल्याचे खडक, चांदण्यात अगदी स्वच्छ,
एकेका कालवाचं तोंड मोजता यावं इतके.

दोर सोडत गेले. पांढरा, नवा, सगळा.
हाताची सालं गेली.
विसाव्या वावेला तिने मान वळवली
आणि वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली,
काहीच न घडल्यासारखी.
सकाळपर्यंत मी बसून होते.
किल्ल्यावरचा एक दगड आणि किनाऱ्यावरचा एक माड
एका रेषेत आहेत का, पुन्हा पुन्हा पाहत.

बुधाजीला सांगितलं तेव्हा तो हसला नाही.
विडी शिलगावली, विझली, पुन्हा शिलगावली.
"दोर सोडूचो तो हाय त्या पान्याचो नाय, बाय.
येवचा हा त्या पान्याचो."

आज लाल चिंध्या कापल्या, वावेगणिक एक,
पंचवीस गाठी मारल्या. दहाव्या गाठीशी चिंधी दुहेरी,
तिथे मी थांबले होते म्हणून.

सातवी फुली अजून ओली आहे.
"आठ दिस थांबा," बुधाजी म्हणतो. "वाळाक व्हया."
मी दुकानाच्या जुन्या कॅलेंडरवर अष्टमी शोधते,
भांगाची भरती, पाणी बेताचं,
मग विचार बदलते. अमावास्येलाच उतरवू.
एकदा उजेडात बसून बघायचं आहे
ते किती चढतं.