मोजणीचा शुक्रवार

दर शुक्रवारी सिर्क्का यायची,
दारात बूट आपटून बर्फ झाडायची
आणि मागच्या भिंतीवरची खोकी मोजायची.
आधी अख्खी भिंत होती. मग दोन फळ्या.
दोन हजार नऊच्या हिवाळ्यात
बॅटऱ्यांच्या टोपलीशेजारी एक तारेचं स्टँड,
तेही डुगडुगणारं.
"पीसी गेम, विक्री तीन," ती लिहायची.
तिनातला एक परत आलेला.

तांपेरेच्या पेपरात आलं : संपलं.
तेरावंसुद्धा उरकून टाकलं त्यांनी.
वेइक्कोनं कात्रण गल्ल्याखाली सरकवलं,
विजेच्या बिलावर.

मी काही बोललो नाही.
मला माहीत होतं, रात्री साडेअकराला
आमच्या इमारतीचं इंटरनेट का रांगतं.
तिसऱ्या मजल्यावरची नर्स आउने,
तळघरातला वेल्डर,
मी
सगळ्यांच्या पडद्यावर तीच निळी पट्टी,
इंचाइंचानं भरत जाणारी.
सिर्क्काच्या वहीत आमच्यातलं कुणीच नव्हतं.
पुढच्या दाराशी बसून माणसं मोजायची
आणि घर ओस पडलं म्हणायचं, तसं.

कोंबडं झाकलं तरी उजाडतं.
पण एक सांगू?
माझ्या खात्यात दोनशे बारा गेम आहेत,
बहुतेक सवलतीत घेतलेले.
एकशे साठ मी एकदाही उघडले नाहीत.
ते कुठल्या रकान्यात धरायचे, सिर्क्का,
जिवंत की कसे?

मार्चमध्ये वेइक्कोनं शटर ओढलं.
स्टँड मी घरी आणलं.
त्यावर हातमोजे वाळत घालतो.
अजून डुगडुगतं.