व्यवसायाचे स्वरूप

अजमानला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
लाँड्री आणि पासपोर्ट-फोटोवाल्याच्या मधे
नऊ बाय अकराचं माझं टायपिंग सेंटर.
जगात कुठे नवा शब्द जन्मला
की सहा महिन्यांत तो माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसतो,
इस्त्रीच्या शर्टात, घामेजलेला,
आणि विचारतो : इसाकचाचा, ह्याला अरबीत काय म्हणायचं?

नाव, पासपोर्ट, भाडेकरार बोटं आपोआप लिहितात.
अडतात एकाच रकान्याशी :
व्यवसायाचे स्वरूप.

पहिल्यांदा क्लाउड आला तेव्हा
मी दारातून वर पाहिलं. ऑगस्ट. वर काही नव्हतं.
अरबीत ढग म्हणजे सहाब.
बाणकोटच्या मक्तबात उस्तादांनी
सीन आणि साद ह्यांतला फरक
माझ्या तळहातावर छडीने काढून दाखवला होता;
जिभेला तो कळला नाही, बोटांनाही नाही.
मी साद लावला.
बलदियातला कारकून इतका हसला
की चष्मा काढून पुसावा लागला त्याला :
ढगांचे सोबती झाले होते.
सोबत्यांवर चालणारी कंपनी!
वीस दिरहम माझ्या खिशातून, फॉर्म नव्याने.

पण खरं सांगू, मला तोच अर्थ पटला होता.
माणसं पगाराच्या पावत्या, पोरांचे फोटो,
गेलेल्या आईचा आवाज
कुणापाशी तरी ठेवायला देतात.
ढगापाशी कोण ठेवील?

मग ब्लॉकचेन. मी साखळी लिहिलं.
काउंटरवर विचारलं, सोन्याची की लोखंडाची?

मग इचलकरंजीचा शार्दूल मगदूम
मेटाव्हर्स घेऊन आला.
माझ्या डोळ्यांवर डबा बांधून त्याने जमीन दाखवली,
सपाट, एक झाड नाही.
चाचा, प्लॉट घेऊन टाका, आत्ता स्वस्त आहे.
म्हटलं, बाळा, असली जमीन बघायला
मला डबा लागत नाही, दार उघडलं की पुरे.
चौदा महिन्यांनी तोच, दाढी वाढलेली,
परवाना रद्द करायचा फॉर्म मागत होता.
बारसं मीच घालतो, बारावंही मीच.
फीत फारसा फरक नाही.

आज तो पुन्हा आलाय.
ए आय.
अरबीत जका, म्हणजे अक्कल. पुढे लिहायचं : बनवलेली.
ह्यातला ज मला कधी जमला नाही,
माझ्या तोंडून जकातच निघते.
शार्दूल म्हणाला, बरोबरच आहे की,
आता सगळा माल ह्याच नाक्यावरून जाणार.
हसला नाही. डोळे तारवटलेले.
मग त्याने फोन पुढे केला :
हे बघा, तुमचा फॉर्मही भरतं.
अरबी सुबक. सीन जागच्या जागी.
मी तीनदा वाचलं,
एखादी तरी चूक सापडावी म्हणून.

तेवढ्यात शेजारचा नूरुल, कोमिल्लाचा,
मुदत वाढवायला आला.
अठरा वर्षं त्याच्या रकान्यात एकच :
कपडे धुणे व इस्त्री.
मी न विचारताच टाइप करू लागलो.
थांब, म्हणाला. पोरगा म्हणतो स्मार्ट लाँड्री लिहा.
म्हणजे वेगळं काय करणार?
त्याने खांदे उडवले. डाग तोच, साबण तोच.
लिहा हो, शार्दूल म्हणाला,
शर्टामागे दिरहम वाढवता येतो.

स्मार्ट म्हणजे जकिया.
पुन्हा तोच ज.
जाल लावला तर हुशार,
जे लावला तर निर्मळ.
बोट दोन्हींच्या मधे थांबलं.
नूरुलच्या हातांना निळीचा वास येत होता,
शार्दूलचा फोन टेबलावर उजळून बसला होता,
विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं.

मी जे लावला.
प्रिंट काढली, सही घेतली,
आणि गल्ल्यातून वीस दिरहम
बाजूला काढून ठेवले.