गेट उघडेपर्यंत

डिसेंबर लागला की कॅम्पातली सेवेरिना
टीव्हीवर तेच ते सिनेमे लावते,
आणि मी स्वेटर चढवून, भात झाकून ठेवून
तिच्याकडं जातो.
थंडी आमच्या बेळगावातही असते, धुकंही.
बर्फ मात्र त्यांच्याच गावात पडतो,
तोही वेळ बघून,
चुंबनाच्या बरोब्बर आधी.

सगळ्यांत गोष्ट एकच.
मोठ्या शहरातली पोरगी सुट्टीला गावी येते,
हातात कॉफी, कानाला फोन,
आणि वळणावर एका सुतारावर आदळते.
(तिकडचे सुतार दाढी करूनच रंधा मारतात.)
कॉफी सांडते. सेवेरिना म्हणते, "झालं, ठरलं लग्न."
पुढचा सव्वा तास
आमचं खरं होतंय का, तेवढंच बघायचं.
होतं.

मला आवडतात. खोटं कशाला बोलू?
वडील माझे गावाच्या निकालाची वाट बघत म्हातारे झाले,
वारले तेव्हाही पुढची तारीख पडलेली.
अशा गावात दीड तासात काहीतरी मिटतं
आणि मिटलेलं राहतं,
याची चव बाहेरच्याला नाही कळायची.

पण त्या घरांत भांडी कोण घासतं?
चाळीस माणसं जेवून उठतात
आणि पुढच्या दृश्यात मोरी कोरडी.
कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही.
कुणाची आई पदराला हात पुसत
"घरी कुठली भाषा बोलतात?" म्हणत नाही.
आणि तो शहरातला, आधी ठरलेला नवरा,
गुन्हा एवढाच की फोनवर फार बोलतो,
त्याला एका वाक्यात काढून टाकतात.
तोही "समजलं" म्हणून गाडीत बसतो.
त्याच्या त्या रात्रीचा सिनेमा कुणी काढत नाही.
त्याला वाटेत खायला निदान पाव किलो कुंदा तरी बांधून द्या,
असं मी दरवर्षी म्हणतो.

यंदाचा एक मराठीत डब केलेला होता.
नायिका दारात वळून म्हणाली, "मी येते हं."
आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो.
इथल्या बायका "येतो" म्हणतात,
"जातो" म्हणतात.
मीही म्हणालेलो.

सत्त्याऐंशी साल. टिळकवाडीचं दुसरं गेट.
ईरण्णाची बदली गदगला,
आणि रात्रीच्या गाडीनं तो निघालाय
हे मला पाच वाजता कळलं.
सोसायटीची किर्द अर्धी टाकून धावलो.
त्यांच्यात विमानतळ असतो,
पहारेकरी विरघळून सोडतात आत.
इथं गेट पडलं.
मालगाडी.
बेचाळीस डबे. मोजलो,
दुसरं करण्यासारखं काय होतं?

शेवटचा डबा गेला, आणि पलीकडं तो.
सायकलला टेकलेला, कॅरिअरवर वळकटी,
भांग तेलानं चापून बसवलेला.
मला वाटलं, आता.
घंटा वाजत होती. मागून एक रिक्षावाला ओरडत होता.
तो म्हणाला, "ऊटा आतेन?"
जेवण झालं का.
संध्याकाळचे साडेपाच.
मी म्हणालो, "झालं. जातो मी."

हे सेवेरिनाला पहिल्यांदा सांगितलो तेव्हा
तिनं टीव्ही बंद केला.
थोड्या वेळानं परत लावला.
"असलं कोण बघणार बाई," म्हणाली,
आणि नेवऱ्यांचं ताट माझ्याकडं सरकवलं.

आता पडद्यावर बर्फ सुरू झालाय.
दोघं गप्प होतील, जवळ येतील, बाजा वाजेल.
या जागेला मी आवाज ऐकत नाही.
सुताराच्या तोंडी माझंच वाक्य घालतो:
जेवलीस?

आणि ती पोरगी, कॉफीचा डाग तसाच,
माझ्यापेक्षा धीट,
खरं सांगते.
"नाही अजून."